पेणचा लॉज, अष्टमीचं घर

परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "मग काय ठरलं? लॉज परवडतो की घर?" विचारणाऱ्यांची चूक नाही. हाच प्रश्न घेऊन मी सांगलीहून निघालो होतो. पुतणीचं लग्न नागोठण्याच्या मुलाशी ठरलं आहे आणि कार्य मे महिन्यात तिकडेच आहे. नागोठणं पेण आणि रोह्याच्या मधे. आमच्याकडची वऱ्हाडी मंडळी उतरवायची ती यांपैकी एका गावी. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने जानेवारीतच मला आणि मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, कामाला लावलं.

"पेणला लॉजवर राहा," तो म्हणाला, "आणि रोह्याला ते दोन-चार दिवसांसाठी अख्खं घर भाड्याने देतात ना, तसं एक घेऊन बघ. कशात सुख आहे ते सांग. आणि हे बघ, घर घेशील तिथे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोल. फोटोत पूर्ण घर दाखवतात आणि प्रत्यक्षात अर्धं देतात. तू गप्प बसतोस म्हणून सांगतोय."

मी गप्प बसतो हे खरं आहे. आयुष्यभर बसलो. पण या प्रवासात जिथे गप्प बसायला हवं होतं नेमका तिथे बोललो, आणि ते सांगितल्याशिवाय लॉज की घर याचं उत्तर मला देता येणार नाही.

पेण

लॉज एसटी स्टँडच्या जवळ होता. खोली तशी स्वच्छ. चादरी पांढऱ्या, पंखा वेगात, आणि खिडकी उघडली की स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न थेट उशीशी. खाली टेबलामागे साठीचे एक मॅनेजर बसत. स्वेटर घातलेले, कानाला मफलर. आम्हाला घाटावरच्या माणसांना त्या थंडीत शर्टसुद्धा जड होत होता.

"गरम पाणी असतं ना?" मी विचारलं.

"असतं. सकाळी येतं."

"किती वाजता?"

"येतं तेव्हा घ्यायचं, साहेब."

खोलीतला टॉवेल ओला निघाला. बेसिनचा नळ बंद केला तरी थेंब थेंब गळत राहिला. मंगल म्हणाली, "जाऊन बोला की काहीतरी." मी खाली गेलो. मॅनेजरांनी मान वर केली, "बोला." आणि मी त्यांना विचारलं, "इथून धरमतरची खाडी किती लांब आहे?"

विचारलं म्हणून मग जावंच लागलं. पण त्याचं वाईट वाटत नाही. वडखळच्या पुढे रिक्षा खाडीकडे वळली आणि जमीन एकदम सपाट झाली. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन, त्यांत उभं पाणी, आणि पाण्यात आभाळाचे तुकडे. जेट्टीला एक मोठं बार्ज लागलं होतं आणि त्यातून कोळसा उतरत होता. त्याच्याच पोटाशी एका होडीत एक बाई आणि एक म्हातारा जाळं झाडत होते. बार्ज एवढं मोठं की होडीवर त्याची सावली पडली होती. पण ती दोघं अशा काही गप्पा मारत होती, की जणू अंगणातलं झाडच आहे ते. आमच्याकडे कृष्णेकाठी नदी म्हणजे एक वाहणारी गोष्ट. इथे पाणी आत येतं, बाहेर जातं, आणि माणसं त्याच्या वेळा सांभाळून जगतात.

परत येताना मंगलने गल्लीतून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली. संध्याकाळी खाणावळीत बोंबील खाल्ले, इतके कुरकुरीत की काटा लागला नाही. सकाळी गरम पाणी आलं, तेव्हा मी झोपेत होतो. उठलो तोवर ते गेलं होतं.

चावी परत देताना माझा चेहरा मॅनेजरांनी वाचला असावा. ते म्हणाले, "साहेब, लॉजला नावं ठेवू नका. चावी या टेबलावर टाकली की आम्ही तुम्हाला विसरलो आणि तुम्ही आम्हाला. हे सुख घरात नाय."

मला ते बोलणं उद्धट वाटलं. रस्त्याला लागल्यावर मंगल म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत." मी म्हणालो, "आता बघ. रोह्याला बोलतो."

जोहे

रोह्याच्या आधी उलट्या दिशेला जाऊन जोहे पाहायचं हा मंगलचा हट्ट. आमच्या घरचा गणपती दर वर्षी 'पेणचा' म्हणून येतो. तो नक्की कुठून निघतो ते तिला बघायचं होतं. भातशेतं कापून मोकळी झालेली, आणि गावात शिरलं की घराघरांत गणपती. सगळे पांढरे. रंग नाही, डोळे नाहीत, ओळीने मांडलेले. पडवीत, माजघरात, जिन्याच्या पायऱ्यांवर.

एका घरात एक बाई हातात पॉलिशचा कागद घेऊन सोंड घासत बसल्या होत्या. मंगलने विचारलं, "एवढ्या मूर्ती घरात, मग तुम्ही राहता कुठे?"

"आमचं घर व्हय हे?" त्या हसत म्हणाल्या. "ह्यांचं हाय. आम्ही वर माळ्यावर. हे पावसाळ्यात गेले की मग आम्ही खाली उतरतो."

"त्रास नाही होत?"

"काय गो, पाव्हण्यांचा त्रास बोलून दाखवायचा असतो काय?"

आम्ही हसलो, चहा घेतला, निघालो. त्या वाक्यावर तेव्हा थांबलो असतो तर बरं झालं असतं.

अष्टमी

अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या अलीकडचं गाव. पूल ओलांडला की रोहा. नागोठण्याकडून येणाऱ्याला आधी अष्टमीच लागते. आमचं घर आतल्या रस्त्यावर, आखाती नोकरीच्या कमाईतून उभं राहिलेलं, फाटकावर 'आशियाना' अशी पाटी. मालक युसुफभाई अर्धं आयुष्य कुवेतला एका कंपनीत होते. गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली आणि ते कायमचे घरी आले. त्यांची बायको शमीमआपा, आणि मुलगी सना, जी रोह्याच्या एका शाळेत शिकवते. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं, की हॉल मोठा आहे, सोफ्यावर कव्हरं आहेत, भिंतींवर रिकामे खिळे आहेत, आणि एक खोली कुलूपबंद आहे.

"ही खोली?" मी विचारलं.

"ती आमच्या सामानाची हाय, भाऊ," शमीमआपा म्हणाल्या.

"फोटोत पूर्ण घर होतं."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी आता धरमतरचं अंतर विचारीन. पण पेणच्या ओल्या टॉवेलचा आणि थंड पाण्याचा राग माझ्यासोबत एसटीतून आला होता, आणि त्याला उतरायला इथेच जागा मिळाली.

"म्हणजे पूर्ण म्हटलं की पूर्ण पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी कुलूप काढलं. आत एका संसाराची रास होती. गाद्यांच्या चळती, प्लास्टिकच्या पिशव्यांतली गल्फची ब्लँकेटं, शिलाई मशीन, सनाच्या पुस्तकांचे गठ्ठे, मोठी पातेली. आणि भिंतीला तोंड करून उभ्या केलेल्या तसबिरी. हॉलमधले खिळे कशाचे ते मला कळलं. मी मान हलवली आणि कुलूप परत लावायला सांगितलं. तिथेच थांबायला हवं होतं.

"हे दार कुठे जातं?" स्वयंपाकघराच्या टोकाशी एक दार होतं.

"मागं," युसुफभाई म्हणाले. "दोन खोल्या हायेत. आम्ही तिथं असतो. काय लागलं तर निस्ती हाक मारा."

"म्हणजे तुम्ही इथेच असता? कडी आमच्या बाजूने आहे ना?"

"व्हय."

मी कडी लावली. नुसती लावली नाही, ओढून बघितली. आणि म्हणालो, "आम्ही असेपर्यंत कृपा करून कुणी आत यायचं नाही. आम्ही घर घेतलंय ते आमचं म्हणून."

शमीमआपांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. युसुफभाईंनी अगदी थोडी मान हलवली. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "नाय येणार, भाऊ. घर तुमचंच हाय."

त्या संध्याकाळी मी दादाला फोन करून सांगितलं की मी स्पष्ट बोललो. तो म्हणाला, "शाबास." एवढ्या वर्षांत तो मला शाबास म्हणाल्याचं आठवत नाही.

जेवायला रोह्यात जायचं, चांगलं पापलेट शोधायचं, असं ठरवत होतो, तोच पुढच्या दाराची घंटा वाजली. सना उभी होती, हातात झाकलेलं ताट. मधलं दार बंद म्हणून ती मागून निघून अख्ख्या घराला वळसा घालून आली होती.

"अम्मीनं दिलंय," ती म्हणाली. "आज गुरुवार हाय ना, म्हणून वालाचं बिरडं केलंय. भांडीपण वेगळी घेतलीत. मासळी कशालाच लागलेली नाय."

"पण जेवणाचं काही ठरलं नव्हतं," मी म्हणालो.

"जेवणाचं काय ठरवायचं?" ती म्हणाली आणि गेली.

मी गुरुवार पाळत नाही. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर पापलेट होतं. मंगल पदर तोंडाला लावून हसत होती. पण ते बिरडं! सोललेले, मोड आलेले वाल, दाताखाली किंचित कडवट, ओल्या नारळात शिजलेले. आणि तांदळाची भाकरी, आमच्या ज्वारीच्या भाकरीसारखी टणक नाही, रुमालासारखी घडी पडणारी, अजून वाफ निघणारी. मी चार खाल्ल्या. खाताना मला त्या कडीची आठवण झाली, पण मी उठलो नाही.

शुक्रवार

सकाळी एकटाच पुलावर जाऊन आलो. कुंडलिका त्या वेळी शांत होती. पुलावरून कंपन्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या जात होत्या, आणि खाली एक माणूस म्हशी धूत होता. मग भटकत राहिलो, परत यायला दुपार झाली. मंगल कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती. मी न्हाणीघरात दाढीचा साबण लावला. खिडकीबाहेर कुंपणाशी तिचा आणि शेजारणीचा आवाज येत होता. शेजारीण म्हणजे लताताई. काल आल्या आल्या त्यांनी आमची सगळी चौकशी करून टाकली होती.

"माझ्याकडं आज पाय ठेवायला जागा नाय," लताताई म्हणत होत्या. "खुर्च्या आणल्यात सनाच्या शाळेतनं. बैठक माझ्या पडवीत."

"कसली बैठक?"

"आता घ्या! सनाला बघायला यायचेत ना. म्हसळ्याची माणसं. पोरगा बोटीवर नोकरीला, रविवारी परत चालला. वैशाखात येईल. पण त्याच्या आईनं सांगितलंय, जायच्या आधी ठरलं पाहिजे, नायतर दुसरीकडं बघू."

"मग बैठक तुमच्याकडे का?"

"अगो, तुझ्या मालकांनीच सांगितलं ना, आत यायचं नाय म्हणून!"

माझा रेझर गालावर थांबला.

"पण मग आम्हाला नाही म्हणायचं होतं," मंगल म्हणाली. "दुसरीकडे उतरलो असतो."

"मीपण तेच बोलले. पाव्हण्यांचा निरोप आला तवा तुमी सांगलीवरनं निघाला होता. युसुफभाई म्हणतो, माणसं वाटंत हायेत, घर देतो म्हटलं ते म्हटलं. मग शमीम म्हणाली, दोन तास हॉल मागून घेऊ, माणसं भली दिसतील तर देतील. मागायला तोंड उघडलं नि तुझे मालक कडी ओढून बघाया लागले." लताताईंनी आवाज खाली घेतला, पण त्यांचा खालचा आवाजही मोठाच होता. "एक स्थळ आधीच मोडलंय गो. युसुफभाई घरी बसला तवा. त्यांना वाटलं, ह्यांचं सगळं संपलं. आता ह्यांनी येऊन बघितलं, घर असून बैठक दुसऱ्याच्या पडवीत, तर काय समजायचे ते?"

मंगल आत आली. दारातच थांबली. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"काल एवढं बोलणं कुठून आलं हो तुम्हाला? पेणला कुठे गेलं होतं?"

मी रेझर खाली ठेवला. तीच म्हणाली, "मी शमीमआपांना बोलावते. त्या लताताईंकडेच आहेत. तुम्ही तोवर तोंड धुवा, सोफा नीट करा. हॉल त्यांचा त्यांना देऊ आणि आपण बाहेर जाऊ." आणि ती मागच्या कुंपणाकडे गेली.

युसुफभाई जुम्म्याची नमाज आटोपून पुलाच्या तोंडाशी उभे होते. म्हसळ्याहून येणारी गाडी रोह्यातून, पूल ओलांडून येणार, तिला लताताईंच्या दाराशी घेऊन जायचं, असा त्यांचा बेत. पण पाहुण्यांनी मुलाच्या आत्याला नागोठण्याहून घेतलं. म्हणजे ते अलीकडच्याच रस्त्याने आले. पूल त्यांना लागलाच नाही. घराचा फोटो त्यांच्या फोनवर होता, पाटीसकट. गाडी थेट 'आशियाना'च्या फाटकाशी थांबली. दार मी उघडलं. बनियन, लुंगी, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण.

समोर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ, त्यांच्या मागे दोन बायका. एक शांत, ती मुलाची आई. दुसरी जाड चष्म्याची, ती आत्या.

"युसुफभाईंचं घर ना हे?" गृहस्थांनी विचारलं. हे इब्राहिमभाई, मुलाचे वडील. तेही बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले.

"हो. या ना. बसा."

"तुम्ही कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. युसुफभाईंचा मित्र आहे, असं. पण मला खोटं बोलता येत नाही. हा गुण नाही, माझा चेहराच साथ देत नाही. "आम्ही भाड्याने उतरलोय," मी म्हणालो. "दोन दिवसांसाठी."

आत्याबाईंनी मुलाच्या आईकडे पाहिलं. "म्हणजे घर भाड्यानं देतात? मग हे लोक ऱ्हातात कुठं?"

"मागे. दोन खोल्यांत."

"आणि आज, आम्ही येणार म्हायती असून?"

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ग्लास सापडले, ट्रे सापडला नाही. तीन ग्लास दोन हातांत धरून आलो, थोडं पाणी इब्राहिमभाईंच्या गुडघ्यावर सांडलं. आणि मग, उभ्यानेच, मी सगळं सांगून टाकलं.

"आज त्यांना हा हॉल हवा होता. ते मागणारच होते. पण काल मी आल्या आल्या त्यांना सांगितलं, की कुणी आत यायचं नाही. ते मधलं दार आहे ना, त्याला मी कडी लावली. म्हणून त्यांनी शेजारी बैठक मांडली. युसुफभाई पुलावर तुमची वाट बघत उभे आहेत. यात त्यांचं काही कमी नाही. चूक माझी आहे."

इब्राहिमभाई माझ्या साबणाच्या गालाकडे बघत होते.

"तुम्ही असं बोललात," त्यांनी सावकाश विचारलं, "तर ते काय बोलले?"

"काही नाही."

"भांडले नाय?"

"नाही. संध्याकाळी मुलीच्या हातून जेवण पाठवलं. गुरुवार म्हणून बिरडं केलं होतं."

"रागानं पाठवलं?" आत्याबाई म्हणाल्या.

"नाही हो. भाकऱ्या गरम होत्या."

मुलाची आई तोंडावर ओढणी घेऊन हसली. इब्राहिमभाईंनी मात्र हसू आवरलं. "बघा, भाईसाब," ते म्हणाले, "शेजाऱ्याला विचारलं तर तो चांगलंच सांगतो. नातेवाईक त्याहून चांगलं. तुमचा तर ह्यांच्याशी कायच संबंध नाय. म्हणून तुम्हाला विचारतो. लोक कसे वाटले?"

मी काय सांगणार होतो? मला त्यांची एकच संध्याकाळ माहीत होती. "मधलं दार एका पावलावर आहे," मी म्हणालो. "मी कडी काढली असती तर मुलगी सरळ आत आली असती. ती सगळ्या घराला वळसा घालून पुढच्या दाराने आली, आणि घंटा वाजवली. आपल्याच घराची."

एवढ्यात मागच्या बाजूने पावलं वाजली. शमीमआपा नव्या ओढणीत, धापा टाकत, मंगल त्यांच्या पाठीशी. त्या वळसा घालून पुढच्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आत त्यांचे होणारे व्याही बसलेले, त्यांच्याच सोफ्यावर. तरी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, आत येऊ काय?"

मंगलनेच त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन मधल्या दाराची कडी काढली, आणि तशीच लुंगी सावरत त्याच दाराने बाहेर पडलो.

लताताईंनी फोन करून युसुफभाईंना पुलावरून बोलावून घेतलं, आणि त्यांचा समारंभ होईपर्यंत आम्ही दोघं लताताईंच्या पडवीत बसलो, पाहुण्यांसाठी मांडलेल्या शाळेच्या खुर्च्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन. त्या खुर्च्या लहान मुलांच्या होत्या. पाहुण्यांसाठी केलेली सांदणं अजून तिथेच होती. तांदळाची, वाफवलेली, नारळाच्या गोड दुधात बुडवून खायची. लताताईंनी ती आमच्यापुढे ठेवली.

"खा. आधी एक गाल धुवा नि खा," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडं तुमच्यासारखा मेहमान अजून आला नव्हता."

गाडी गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. हो की नाही ते कळलं नाही. 'कळवतो' म्हणाले. इब्राहिमभाईंनी गाडीत बसताना माझ्याकडे बघून हात कपाळाला लावला. पण आत्याबाई जाण्याआधी मागच्या दोन खोल्या बघून आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि युसुफभाईंना नेमकं तेच बोचत होतं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, घेतलेल्या घराला कडी लावायची नाय तर कुणाच्या घराला लावायची? मी कुवेतला एका खोलीत आठ माणसांत ऱ्हायलो. दाराला आपली कडी असावी, हे मला कळतं." मग फाटकाकडे बघत, "पण आता काय होईल ते खरं."

त्या संध्याकाळी मधलं दार उघडं राहिलं. सना इस्त्री करायला आली, कारण इस्त्रीचा प्लग पुढच्या खोलीतच होता. मंगलने पेणची मिरगुंडं तळली आणि शमीमआपांनी सुरमई. शेवटी एकदाची मला मासळी मिळाली, पण तिची चव मला आज सांगता येत नाही. माझं सगळं लक्ष युसुफभाईंच्या फोनकडे होतं. तो वाजला नाही. शनिवारी सकाळी आम्ही निघालो तोवरही वाजला नव्हता.

सांगली

आता दादाच्या प्रश्नाचं उत्तर. तेवढ्याच पैशांत घरात जागा जास्त मिळते, चूल मिळते, कपडे वाळत घालायला दोरी मिळते. गरम पाणी पाहिजे तेव्हा मिळतं. दोघांसाठी, चौघांसाठी घरासारखं सुख नाही. लॉजवर हे काही नाही. पण लॉजवर तुमच्यामुळे कुणाला मागच्या खोलीत जावं लागत नाही, निदान ते तुम्हाला दिसत नाही. पेणचे मॅनेजर सांगत होते ते हेच असावं. अख्खं वऱ्हाड घरांत उतरवलं तर किती तसबिरी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतील, हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू फार विचार करतोस. वऱ्हाड पेणला लॉजवर टाकू. पण मला आणि तुझ्या वहिनीला ते अष्टमीचं घर बघ. ती बिरडंवाली माणसं चांगली दिसतात."

फोन करायचं मी दोन आठवडे टाळलं. युसुफभाईंचा आवाज ऐकूनच कळेल, या भीतीने. एखाद्या घरातलं शुभकार्य माझ्यामुळे फिसकटलं असेल, तर ते कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, इतका मी भित्रा आहे. शेवटी मंगलने फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी लग्नाची तारीख सांगितली. त्या आठवड्यात दादासाठी घर मिळेल का, ते विचारलं.

"नाय, साहेब," युसुफभाई म्हणाले. "तो आठवडा नाय देता येणार."

"बरं," मी म्हणालो. "मी समजू शकतो."

"काय समजलात? अहो, घर लागेल आम्हाला. सनाचं लग्न हाय त्या आठवड्यात. परवाच तारीख धरली. तुम्हाला फोन करणारच होतो, शमीम रोज मागं लागलीय." मागून शमीमआपांचा आवाज आला, "विचारा त्यांना, दुसरा गाल झाला काय!" युसुफभाई हसायला लागले. "इब्राहिमभाईंनीपण सांगून ठेवलंय, त्या अर्ध्या दाढीवाल्यांना बोलवायचं म्हणून. तुमच्या पुतणीचं उरका नि इकडं या. पण उतरायचं लॉजवर, हां. घरात पाय ठेवायला जागा नाय."

फोन ठेवला. मंगल समोर उभी होती. "मिळालं घर?"

"नाही मिळालं," मी म्हणालो. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. ती डोळे पुसत आत गेली आणि दादाला काय सांगायचं ते माझ्यावर सोडून दिलं.

मग मी पेणला फोन लावला. वऱ्हाडासाठी खोल्या सांगितल्या, आणि आमच्या दोघांसाठी एक, दोन दिवस जास्त. मॅनेजरांनी नाव विचारलं. मी सांगितलं, आणि जानेवारीत येऊन गेलो होतो, धरमतरचं विचारलं होतं, तेही सांगितलं. त्यांना आठवलं नाही.

"गरम पाणी असतं ना?" मी विचारलं.

"असतं, साहेब. सकाळी येतं."

"येईल तेव्हा घेऊ," मी म्हणालो.